बिनआवाजी मशीन

शिवणकाकूंना मनातल्या मनात प्रार्थना करता येत नसे. हे ऐकून कुणाला हसू येईल, पण ज्या बाईने उभ्या आयुष्यात रविवारची उपासना चुकवली नाही, चर्चच्या गायनमंडळाचे सगळे झगे जिच्या हातचे, तिच्या दृष्टीने ही साधी अडचण नव्हती. डोळे मिटून सुरुवात तर झोकात व्हायची. "हे प्रभू, आजच्या दिवसासाठी तुझे आभार मानते." आणि दुसऱ्या वाक्याला मन पिशवी घेऊन बाजारात निघायचं. बटाटे संपलेत, साबण आणायचाय, ह्यांच्या कोटाचं बटण लटकतंय. आमेनपर्यंत येईतो प्रभू कुठल्या कुठे मागे राहिलेला असायचा. म्हणून काकू तोंडाने प्रार्थना करायच्या, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी, चांगल्या खणखणीत आवाजात. जीभ कामाला लागली की मनाला बाहेर पडायची सोय राहत नसे.

आता मोठ्याने बोलायचं तर आडोसा हवा. तो त्यांना मशीनने दिला होता. पायाने चालवायचं, काळंकुळकुळीत, सासूबाईंच्या काळातलं ते मशीन सुरू झालं की कपाटातल्या कपबशा थरथरायला लागायच्या. रस्त्याकडच्या खोलीचे मध्ये पडदा सोडून दोन भाग केलेले होते. पुढे गिऱ्हाइकांसाठी बाक आणि उंच आरसा. मागे कापायचं टेबल, इस्त्री आणि खिडकीपाशी मशीन. बाकावर बसलेल्या माणसाला आतून नुसता धडधडाट ऐकू यायचा. त्या धडधडाटाखाली काकू देवाशी काय काय बोलतात, हे त्यांना आणि देवालाच ठाऊक होतं.

बोलायला विषयांची वानवा नव्हती. अंगावर मापाची टेप फिरायला लागली की माणसाचं तोंड का सुटतं, कोण जाणे. बायका दोन्ही हात वर करून आरशासमोर उभ्या राहायच्या आणि नवऱ्याचं, नणंदेचं, दुखऱ्या गुडघ्याचं, सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. काकू ऐकून घ्यायच्या. उत्तर म्हणाल तर "हं." कारण ओठांत टाचण्या. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईने धीराचे शब्द काढायचे तरी कसे? टाचण्या काढून झाल्या की म्हणायच्या, "बुधवारी या." गिऱ्हाईक समजायचं, बाई हाताची चांगली, पण मनाने कोरडी.

कोरडी कसली! गिऱ्हाईक पायरी उतरलं की काकू त्याचं कापड मशीनखाली सरकवायच्या आणि सुरू व्हायच्या. "प्रभू, हिच्या गुडघ्याचं बघ. आणि ती नणंद, तिचं तोंड जरा आवर." स्कर्टची लांब शिवण म्हणजे त्या बाईच्या सगळ्या घरादारासाठी प्रार्थना. कॉलर म्हणजे आखूड आणि जपून. अस्तर लावताना माणसाच्या आतल्या दुखण्यासाठी, जे तो चारचौघांत दाखवत नाही त्यासाठी. काजं करताना मात्र प्रार्थना बंद. काज चुकलं की कापड वाया जातं, तेव्हा तिथे प्रभूनेही मध्ये बोलू नये, असा त्यांचा शिरस्ता होता. तयार कपडा देताना त्या घडीवरून एकदा हात फिरवायच्या, तेवढीच काय ती माया गिऱ्हाइकाला दिसायची.

या घरात दोन वर्षांपूर्वी सून आली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायची. दिवसभर "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारून विचारून तिला घरातही सगळं स्पष्ट लागायचं. मोठ्याने हसायची, गल्लीच्या तोंडापासून फोनवर बोलत यायची, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची, आणि जेवणानंतरच्या घरच्या प्रार्थनेत तिची पाळी आली की "मी मनात केली" म्हणून मोकळी व्हायची. मनात! काकूंना ते पटतच नसे. जे आपल्याला जन्मात जमलं नाही ते हिला इतक्या झटपट कसं जमतं? पण तसं त्या कधी बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकांशी जितकं बोलायच्या तितकंच सुनेशी. "आई, चहा ठेवू?" "हं." "आई, हा रंग मला बरा दिसतो का?" "हं." आणि तेव्हा तर ओठांत टाचण्याही नसत.

सुनेने पहिले काही महिने वाट पाहिली. मग आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की आईंना आपण आवडत नाही. भांडण नाही, टोमणा नाही, पण जिव्हाळाही नाही. पाहुण्याशी वागावं तसं सगळं जिथल्या तिथे. चिरंजीव या बाबतीत अगदीच बिनकामाचे. "आई पहिल्यापासून तशीच आहे गं," एवढं एक वाक्य त्यांच्यापाशी होतं आणि ते म्हणून झालं की ते कूस बदलायचे.

मग एक दिवस जुन्या मशीनचा दांडा तुटला. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिलं, इकडून तिकडून हात फिरवला आणि म्हणाला, "काकू, याला आता सुखाने जाऊ द्या." काकूंना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. नवीन मशीन घ्यायचा विचार सुनेचा. तिने चार दुकानं पालथी घातली, विजेवर चालणारं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत मशीन पसंत केलं आणि दुकानदाराला विचारलं, "आवाज किती होतो?"

"शेजारी तान्हं मूल झोपलं असेल ना, तरी उठणार नाही."

तिला तेच हवं होतं. त्या धडधडाटापाशी बसून बसून सासूबाईंचे कान जड झाले होते. ही गोष्ट काकू सोडून घरात सगळ्यांना माहीत होती.

"कसं आहे, आई?" मशीन मांडून झाल्यावर तिने विचारलं.

"हं. ठीक आहे."

सून तोंड पाडून आत गेली.

मशीन ठीक नव्हतं, झकास होतं. काकूंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते झोपण्याआधी दोनदा पुसलं. सुई चालली की हाताखाली बारीक थरथर जाणवायची. थरथर जाणवते म्हणजे आवाज होत असणारच, असा त्यांनी सरळ हिशेब केला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच शिवणीला आपल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

काका स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत बसले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. आता घरात बसून आडवे-उभे शब्द चालवायचा. त्यांच्या कानावर आलं, "प्रभू, ह्यांना घोरण्यापासून सोडव, नाहीतर मला साफ बहिरी तरी कर." काकांच्या हातातली पेन्सिल थांबली. ते ताडकन उठले. हिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, सगळं बाहेर ऐकू येतंय. दारापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात काकू पुढे म्हणाल्या, "पण माझ्याआधी त्यांना नेऊ नकोस. त्यांच्यावाचून या घरात मला एक दिवस काढता यायचा नाही. मी कधी बोलले नाही त्यांना. केव्हातरी तूच सांग." काका दारात तसेच उभे राहिले. मग पाय न वाजवता परत येऊन खुर्चीत बसले. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. सांगायचं राहूनच गेलं, आणि खरं विचाराल तर सांगायची इच्छाच गेली.

बाकावर बसून ऐकणारी पहिली बाई म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका. नाकावर माशी बसू न देणारी म्हणून तिची ख्याती. शिवायला दिलेला कोट अंगावर घालून बघायला ती आली होती. आतून ऐकू आलं, "प्रभू, ही बाई सोन्यासारखी आहे, पण पोरं तिला बघून रस्ता बदलतात. तिला जरा हसायला शिकव. बिचारी रोज एकटी जेवते." मुख्याध्यापिका बसल्या जागी लाल झाली. उठून चार शब्द सुनवावेत, असं तिला वाटलंही. पण आपण एकटं जेवतो हे कुणाच्या तरी ध्यानात आहे, हा विचार तिला उठू देईना. ती आमेनपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या फाटकात उभी राहून हसायला लागली. पोरं पहिला आठवडा घाबरून होती.

बातमी गल्लीभर पसरली, आणि गल्लीने जन्मात पहिल्यांदा शहाणपणा केला. काकूंना कुणी काही सांगितलं नाही. "सांगितलं की बंद पडेल," असं बेकरीवाली म्हणाली आणि ते सगळ्यांना पटलं. बाकावर ऐकलेलं बाकावरच ठेवायचं, हेही ठरलं. एरवी ज्यांच्या जिभेला हाड नाही तीही माणसं मूग गिळून बसली. आणि मग बाकावर जागा मिळेना. कुणी स्कर्ट बोटभर आखूड करून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात तोच बोटभर लांब करायला आणायची. बेकरीवालीने तर नवऱ्याच्या पँटची धडधाकट शिवण स्वतःच्या हाताने उसवली. आतली प्रार्थना संपली की बाकावरून हलकेच "आमेन" व्हायचं. ते अर्थात काकूंच्या कानापर्यंत पोचत नसे.

एकदा आतून आलं, "प्रभू, बेकरीवाली आणि तिची बहीण एका गल्लीत राहून एकमेकींचं तोंड बघत नाहीत. दोघी माझ्याकडे येऊन रडतात, पाठोपाठ. आता मी यात काय करू? तूच बघ." बाकाच्या एका टोकाला बेकरीवाली होती आणि दुसऱ्या टोकाला तीच बहीण. समोरच्या आरशात दोघींची नजरानजर झाली. मग बेकरीवालीने मधली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि बहीण थोडी सरकली. त्या दिवशी त्या दोघी एकत्र घरी गेल्या.

काकू मात्र भलत्याच खुशीत होत्या. "या मशीनचा पायगुण चांगला आहे हो," त्या काकांना म्हणाल्या. "आल्यापासून काम आवरत नाही."

"हं," काका म्हणाले. त्या घरात हं म्हणायला आता तेही शिकले होते.

मुलगा आणि सून दिवसभर बाहेर. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत मशीनवर कापड पडलेलं असायचं आणि काकू चुलीपाशी असायच्या. त्यामुळे या दोघांना कशाचा पत्ता नव्हता. अशातच चिरंजीवांना दुसऱ्या शहरात जागा मिळायची संधी चालून आली. पद वरचं होतं, राहायला घर मिळणार होतं. हो की नाही ते शुक्रवारी कळवायचं होतं. जेवताना त्याने विषय काढला.

"आई, जाऊ का आम्ही?"

सून ताटात बघत होती, पण कान टवकारलेले होते. काकूंना नको म्हणावंसं वाटलं. पण मुलांच्या वाटेत आडवं यायचं नाही, असं त्यांनी फार पूर्वीच मनाशी पक्कं केलं होतं. पावाचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, "चांगलंच आहे की. जा."

त्या तुकड्याचं पुढे काय झालं, तो खाल्ला की नाही, हे कुणी पाहिलं नाही. सुनेने फक्त शब्द ऐकले. खोलीत गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "बघितलंस ना? तोंडदेखलंसुद्धा थांबा म्हणाल्या नाहीत. इथे कुणाला आपण हवे आहोत? शुक्रवारी हो सांगून टाक."

"आई तशीच आहे गं," चिरंजीव म्हणाले.

काकूंनी दुसऱ्या दिवशी कपाटाच्या तळातून चांगलं जाड लोकरी कापड काढलं. तिकडे थंडी फार, असं त्यांनी ऐकलं होतं. सुनेचं माप घ्यायची गरज नव्हती, ते त्यांना पाठ होतं. हातातली सगळी कामं मागे टाकून त्यांनी कोट बेतला. बाकावरच्या मंडळींनी कुरकुर केली नाही, कारण त्या दिवसांत आतून येणाऱ्या प्रार्थना ऐकून एकेकीचा रुमाल ओला होत होता.

बुधवारी चष्म्याच्या दुकानातली वीज गेली. नंबर तपासायचे दिवे बंद, म्हणून सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. सून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. काका तिला बघून असे दचकले की शब्दकोडं खाली पडलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. आत काकू कोटाचं अस्तर लावत होत्या.

"प्रभू, हा कोट तिच्यासाठी आहे. तिला सर्दी लगेच होते. सांगत नाही ती कुणाला, नुसती नाक ओढत बसते. तिकडे तिला गरम पाणी कोण देणार?" अस्तर फिरवून घेऊन काकू पुढे म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी तुला म्हटलं होतं, हिला जरा हळू हसायला शिकव. ते मी मागे घेते. ती कामावर गेली की घर खायला उठतं. गल्लीत तिचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडतो. ओल्या टॉवेलचा राग अजून येतो, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. रोज तो उचलते आणि रोज चिडते. पण काल मनात आलं, पुढच्या महिन्यात उचलायला टॉवेलही नसेल, आणि मला रडूच आलं. मुलगा गेला तर सोसेन, मुलं जातातच. पण मला मुलगी नव्हती, प्रभू. तू दिलीस, आणि मी दोन वर्षं हं हं करण्यात घालवली. नेऊ नकोस तिला. पण तिचं भलं तिकडेच असेल, तर माझं मुळीच ऐकू नकोस. आमेन."

"आमेन," बाकावरून दोन हळू आवाज आले.

"आमेन," स्वयंपाकघराच्या दारातून तिसरा आला. हा हळू नव्हता. काकूंच्या जड कानांनाही तो सरळ ऐकू गेला.

त्या गर्रकन वळल्या. "तू? तू कधी आलीस?"

"सर्दीच्या वेळेला," सून म्हणाली. तिचा चेहरा पार भिजलेला होता.

"म्हणजे ऐकू... अगं, पण मशीन चालू होतं ना?"

"आई, या मशीनला आवाजच नाही. म्हणून तर आणलं."

काकूंनी मशीनकडे पाहिलं, मग पडद्याकडे. उठून पडदा सर्रकन ओढला. बाकावर मुख्याध्यापिका आणि बेकरीवाली, दोघी डोळे पुसत बसलेल्या.

"तुम्हाला पण ऐकू येतं?"

"आम्हाला तर पहिल्या दिवसापासून," बेकरीवाली बोलून गेली. मुख्याध्यापिकेने तिला कोपर मारलं, पण बोललेलं परत घेता येत नाही.

एकेकीचं काय काय आपण बोललो ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. नणंदा, गुडघे, भांडणं, एकटीची जेवणं! त्यांनी मशीनवर कापड टाकलं, चपला सरकवल्या आणि कुणाकडेही न बघता तडक चर्चच्या पाळकसाहेबांच्या घरी निघाल्या. कापड टाकताना सवयीने एक टाचणी ओठांत गेली होती, तीही काढायचं भान राहिलं नाही.

पाळकसाहेब अंगणात सायकल उलटी ठेवून साखळी बसवत होते. "पाळकसाहेब, मी विश्वासघात केला," काकूंनी टाचणी काढून सांगितलं. "गल्लीने माझ्यापाशी मन मोकळं केलं आणि मी सगळ्यांच्या घरची भांडी रस्त्यावर मांडली. आता मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू?"

पाळकसाहेबांनी तेलकट हात फडक्याला पुसले. आत गेले आणि आपला उपासनेचा झगा घेऊन आले. "काकू, ही बाही तुम्ही किती वेळा आखूड केलीत?"

"तुम्हीच म्हणायचात, लांब होते म्हणून."

"आता ती कोपरापाशी आली आहे. रविवारी आशीर्वादाला हात वर केला की पुढच्या बाकावरची मंडळी हसतात. बायको म्हणते, आणखी एकदा गेलात तर बनियन होईल. का येत होतो मी सारखा, सांगा बरं?"

काकूंचा हात तोंडावर गेला. "तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. काकू, मी सगळ्या मंडळीसाठी प्रार्थना करतो. ते माझं कामच आहे. पण माझ्यासाठी कुणीतरी नाव घेऊन देवापाशी बोलतं, माझ्या खोकल्याचीसुद्धा आठवण ठेवतं, हे मला तुमच्या बाकावर कळलं. तुमच्यावर कुणी रागावलेलं नाही. पुढचं म्हणाल तर ज्याचं त्याला विचारा, आणि ज्याला नको असेल त्याचं हळू बोला." मग ते म्हणाले, "पण एक विचारू? सुनेवर तुमची माया आहे, हे देवाला किती वेळा सांगितलंत?"

"रोजच."

"आणि तिला?"

"तिला... एकदाही नाही," काकू सायकलच्या चाकाकडे बघत म्हणाल्या.

"देव काही निरोप्या नाही, काकू. त्याने तुम्हाला तोंड दिलंय ना? मग तोंडाचं काम देवाच्या गळ्यात कशाला घालता? परवा शुक्रवार आहे."

काकू परत निघाल्या. रस्ताभर त्यांनी वाक्यं जुळवली. आधी हे म्हणायचं, मग ते म्हणायचं, टॉवेलबद्दल माफी मागायची. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने "नमस्कार काकू" म्हटलं तर त्याला त्यांनी "माझंच चुकलं" असं उत्तर दिलं. घरात शिरल्या तर बाकावर कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात सून टेबलापाशी बसली होती. अर्धवट कोट तिच्या मांडीवर होता आणि ती अस्तरावरून हात फिरवत होती. काका पलीकडे शब्दकोडं धरून बसले होते. उलटं धरलेलं होतं.

सुनेने मान वर केली, आणि काकूंची सगळी जुळवलेली वाक्यं पार पळाली. काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. उभ्या उभ्या हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हे प्रभू, या मुलीला सांग की..."

"आई."

जोडलेल्या हातांवर सुनेचा हात पडला.

"त्याला माहीत आहे. मला सांगा."

काकूंनी डोळे उघडले. माणसाच्या डोळ्यांत बघून असलं काही बोलायचं, हे त्यांनी कधी केलंच नव्हतं. देवापुढे डोळे मिटलेले असतात, गिऱ्हाइकापुढे नजर टेपवर असते. इथे समोर दोन रडवेले डोळे होते आणि ते हलायला तयार नव्हते.

"हं," आधी तेवढंच बाहेर पडलं. सुनेने हात सोडला नाही. काकूंनी एक मोठा श्वास घेतला.

"तू मला आवडतेस," त्या म्हणाल्या. "फार आवडतेस. जा म्हटलं मी, ते खोटं होतं. जाऊ नकोस."

सून रडता रडता हसली, नेहमीसारखी मोठ्याने. "आणि टॉवेल?"

"टॉवेल दोरीवर टाकत जा. पण इथल्या दोरीवर."

मग दोघींनी एकमेकींना जे धरलं ते सोडलंच नाही. मधल्या मध्ये कोटाचा चुरगळा झाला आणि त्याची काकूंना पर्वा नव्हती. हा प्रकार चालू असताना काका घसा खाकरून म्हणाले, "मला असं कधी कुणी म्हटलं नाही."

"तुम्ही चोरून ऐकलंय की ते," काकू सुनेच्या खांद्यावरून म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून इथेच बसून आहात ना?" काकांनी निमूटपणे शब्दकोडं सरळ केलं.

सुनेने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला. "ऐक, आपण जात नाही आहोत. शुक्रवारपर्यंत थांबू नकोस, आत्ताच नाही म्हणून सांग." पलीकडे चिरंजीव गडबडले. असं कसं, ठरलं होतं, पद वरचं आहे, आणि आई स्वतः जा म्हणाली होती ना? त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. सुनेने फोन सासूच्या हातात दिला.

काकूंनी तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"अरे, मी चुकीचं बोलले होते," त्या म्हणाल्या. "तुझी प्रगती आहे, तुला जायचं असेल तर खुशाल जा. ही माझ्याजवळ राहील."